जंगूबाईला हूं लागतं

जंगूबाई कोडापे नावाच्या मुलीला मी सलग सतरा दिवस गैरहजर लावलं. सतराही दिवस ती वर्गात होती. पहिल्या बाकावर, माझ्या खुर्चीतून हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर.

हे उघडकीस आलं ते असं. कॉलेजच्या ऑफिसनं नियमाप्रमाणे घरी पत्र पाठवलं, की आपली मुलगी वर्गात येत नाही. पत्र जिवतीच्या पुढे, डोंगरावरच्या गावात पोचलं. कुणीतरी ते वाचून दाखवलं. पोरगी चंद्रपुरात हरवली असं समजून तिचे वडील आणि मोठे बाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, सकाळची पहिली एसटी धरून थेट माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. दोघांचे चेहरे सुकलेले. मोठ्या बाबांनी आत डोकावलं, पहिल्या बाकाकडे बोट केलं आणि अगदी शांतपणे मला म्हणाले, "मास्तर, हे तर इथीच हाये."

"नाही हो, ती येतच नाही," मी म्हणालो आणि पुरावा म्हणून हजेरीपट पुढे केला.

वर्ग हसला. ती हसली नाही. ती माझ्या चपलांकडे बघत होती.

तिचं नाव पुकारलं की ती "हव" म्हणायची, पण जरा थांबून आणि इतक्या हलक्या आवाजात, की तोवर मी पुढची दोन नावं घेऊन मोकळा झालेला असायचा. नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, मग तू मला सांगितलं का नाहीस?" तिनं विचार केला. अर्धा कप चहा पिऊन व्हावा इतका वेळ केला. मग म्हणाली, "तुमी विचारलं नाई, सर."

आता मी शिकवतो काय, तेही सांगून टाकतो. कम्युनिकेशन स्किल. बोलावं कसं आणि ऐकावं कसं. पुस्तकातला पहिला धडाच 'ऐकणे' हा आहे, आणि तो मी बावीस वर्षं मोठ्या आवाजात शिकवत आलोय. घरी हा किस्सा सांगितला तेव्हा सुनंदा, माझी बायको, पोळी तव्यावर करपेस्तोवर हसली. ती आरमोरीची. म्हणाली, "अगाई! पयल्या बाकावरची पोरगी दिसत नाई तुमाले, अन् मागच्याइले काय शिकवत असान?"

जंगूबाई सिव्हिलच्या डिप्लोमाला होती. एकोणीस वर्षांची पोर आणि नाव मात्र एखाद्या पिकल्या बाईचं. पण तिकडच्या डोंगरात ते देवीचं नाव आहे, आणि तिला ते शोभायचं. अंगानं काटकुळी, दोन वेण्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मोजपट्टी, एक दोरीचा गुंडा आणि रानातल्या चारोळ्या. चारोळ्या ती वर्गातल्या कुणालाही द्यायची, फक्त विचारायची नाही. बाकावर गुपचूप ठेवून द्यायची. शिक्षकांना ती चपलांवरून ओळखायची. मोठ्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघणं तिच्या घरी बेअदबी समजली जात असे, त्यामुळे आमच्या अख्ख्या स्टाफची पादत्राणं तिला पाठ होती. एकदा प्राचार्यांनी नवे बूट घेतले तर तिनं त्यांना आठवडाभर नमस्कारच केला नाही.

आणि तिचं एक वाक्य होतं. तिला कधी विचारलं, हे येतं का तुला, तर ती "नाही" कधीच म्हणाली नाही. म्हणायची, "अजून नाई, सर."

मी तिला सुधारायचं मनावर घेतलं. माझ्यासारख्या माणसानं एकदा मनावर घेतलं की समोरच्याची धडगत नसते. पहिला पाठ डोळ्यांचा. म्हटलं, "बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आज पूर्ण तास माझ्या डोळ्यांत बघ." तिनं बघितलं. पापणी न लवता, पंचेचाळीस मिनिटं. विसाव्या मिनिटाला मला घाम फुटला, तिसाव्याला मी काय शिकवतोय तेच विसरलो. तास संपल्यावर ती म्हणाली, "सर, तुमच्या डाव्या डोळ्यात लाल धागा हाये. डागदरले दाखवा." दाखवलं. डोळ्याचा दाब वाढलेला निघाला, औषध सुरू झालं. म्हणजे त्या पाठाचा फायदा झालाच, फक्त मला झाला.

दुसरा पाठ हातांचा, तिसरा उभं राहण्याचा, चौथा आवाजाचा. सगळे पाठ तिनं वहीत उतरवले. परीक्षेला ते सगळे घेऊन गेली आणि नापास झाली.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतं आणि त्यावर ओरल. बाहेरून परीक्षक येतात, त्यांच्यासमोर उभं राहून आपलं काम समजावून सांगायचं. तिचं प्रोजेक्ट तिच्याच गावच्या पाण्याचं होतं. डोंगराच्या पाठीमागे एक झरा, तिथून पाइपनं उतारावर पाणी आणायचं, गावाच्या वर टाकीत साठवायचं. मोटर नको, वीज नको. काम इतकं नेटकं होतं, की सिव्हिलचे मास्तर त्याच्या प्रती काढून ठेवत होते. आणि एका संस्थेनं, जी डोंगरातल्या गावांमधून पाण्याचीच कामं करते, तिला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, डिप्लोमा हातात पाहिजे. त्यांचं पहिलं काम तिच्याच गावापासून सुरू होणार होतं.

ओरलला ती उभी राहिली. माझ्या पाठांप्रमाणे हात पोटाशी, नजर परीक्षकाच्या डोळ्यांत. "गुड मॉर्निंग सर. माझ्या प्रोजेक्टचं नाव..." एवढं एक वाक्य बोलली आणि थांबली. परीक्षक वाट बघत राहिले, ती वाट बघत राहिली. त्यांनी मोबाइल बघितला. ती तशीच उभी. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "नेक्स्ट."

नियमाप्रमाणे तिला आणखी एकच संधी होती, हिवाळ्यात. तेव्हाही पास झाली नाही तर डिप्लोमा गेला, आणि त्याच्यामागे ते कामही. ती गावी निघून गेली आणि परत आली नाही. दोन महिने झाले. या वेळी ती खरोखरच गैरहजर होती.

मला झोप लागेना. सुनंदाला म्हटलं, मी जाऊन येतो तिच्या गावी. ती म्हणाली, "मीही येतो. तुमी एकटे गेले तर तिथीही भाषण देऊन येसान."

गडचांदूर सोडलं, सिमेंटची पांढरी धूळ बसलेली झाडं मागे पडली आणि घाट लागला. वर कापूस फुटायला लागला होता. गावात पोचलो तर सगळं गाव मोहाच्या झाडाखाली गोल बसलेलं, आणि मधोमध, जमिनीवर मांडी घालून, जंगूबाई.

ती बोलत होती! हातात काडी, समोर मातीत काढलेला डोंगर. गोंडीत बोलत होती, मला अक्षर कळत नव्हतं, पण बाया हसत होत्या, म्हातारे पुढे सरकून बघत होते. आवाज खणखणीत. हीच का ती, म्हणून मी दोनदा बघितलं. तिच्या शेजारी मोठे बाबा बसले होते आणि तिचं प्रत्येक वाक्य संपलं की म्हणत होते, "हूं."

वाक्य, हूं. वाक्य, हूं. मध्ये त्यांना खोकल्याची उबळ आली तर ती थांबली. खोकला संपला, "हूं" आलं, ती पुढे निघाली. एका ठिकाणी तिनं काडीनं पाइपाची रेघ ओढली आणि हूं आलंच नाही. मोठे बाबा नुसते मातीकडे बघत राहिले. तिनंही रेघेकडे बघितलं, तळहातानं ती पुसली आणि मध्ये येणाऱ्या टेकाडाला वळसा घालून नवी ओढली.

"हूं," मोठे बाबा म्हणाले.

सभा उठल्यावर मी तिला विचारलं, हे काय होतं?

"आमच्या इथी बोलणाऱ्याच्या बाजूले एक जण बसते, सर. थो हूं म्हनते. हूं भेटल्याशिवाय पुढचं कसं सांगाचं? समोरच्यापर्यंत पोचलं का रस्त्यात सांडलं, कसं समजन?"

"मग ओरलच्या वेळी..."

"मी वाट पाहून राह्यली होती, सर. त्या सरनं हूं म्हटलंच नाई." आणि मग, माझ्या चपलांकडे बघत, "तुमच्या वर्गात तर कोनीच म्हनत नाई. तुमी त बोर्डावरच लिहून ठेवलं हाये, शांत बसा म्हनून."

लिहिलं होतं खरं. मीच रंगवून घेतलं होतं.

मला वाटलं होतं, तिला भीती वाटते. ती बोलायला घाबरते असं धरून मी वर्षभर तिला धीर देत होतो. तिला धीराची गरज नव्हती. समोर कुणी ऐकतंय याची खूण हवी होती, आणि ती देणं हे माझं काम होतं. सुनंदा तोवर बायकांमध्ये बसून त्यांची भाजी कशी करतात ते ऐकत होती आणि दर वाक्याला हूं म्हणत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

जंगूबाई आमच्याबरोबर परत आली. रोज संध्याकाळी घरी येऊन ओसरीत प्रोजेक्ट सांगायची आणि मी हूं म्हणायचं, असं ठरलं. सोपं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी ती थांबली.

"सर, वाक्य अजून संपलं नाई."

"बरं, सॉरी."

दोन वाक्यांनी पुन्हा थांबली. "आता संपलं, सर."

"हूं, हूं."

"दोनदा नाई म्हनाचं. दोनदा म्हटलं का घाई हाये असं वाटते."

चौथ्या दिवशी मला जरा जमल्यासारखं वाटलं. ती टाकीबद्दल सांगत होती, मी ठेक्यात हूं म्हणत होतो, मनात उद्याच्या पेपरतपासणीचा विचार. ती त्याच सुरात म्हणाली, "अन् या टाकीत दहा म्हशी पोहत राह्यतात."

"हूं," मी म्हणालो.

आतून सुनंदाचा हसण्याचा आवाज आला. जंगूबाईनं काडी खाली ठेवली. ती रागावली नव्हती, पण तिचा चेहरा उतरला होता, आणि तो उतरलेला चेहरा मला अजून विसरता येत नाही. "न ऐकता म्हटलेलं समजते, सर," ती म्हणाली. "त्यापरीस नका म्हनू."

त्यानंतर मी ऐकायला लागलो. खरंच ऐकायला लागलो. पाणी कुठून येतं, उन्हाळ्यात झरा किती बारीक होतो, कोणाची बाई रोज किती खेपा करते, सगळं. एकदा एका जागी माझ्या तोंडून हूं आलं नाही, कारण मला कळलंच नव्हतं. तिला केवढा आनंद झाला! तिनं तो भाग पुन्हा, वेगळ्या तऱ्हेनं सांगितला. महिनाभर असं चाललं. तिची सगळी मांडणी माझ्या न आलेल्या हूंवर घासूनपुसून लख्ख झाली. मठ्ठ श्रोत्याचाही उपयोग असतो, हे मी तेव्हापासून मानतो.

ओरलच्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसून हूं म्हणायचं, असा आमचा बेत. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. या वेळचे परीक्षक नागपूरचे होते, वयस्क, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी मला विचारलं, "आपण सिव्हिलचे?"

"नाही, कम्युनिकेशनचा."

"मग बाहेर थांबा."

मी बाहेर. दार अर्धं उघडं होतं. जंगूबाईनं मला बाहेर जाताना बघितलं आणि तिचे हात थांबले. एवढं सगळं करून मी तिला काय शिकवलं होतं? माझ्या हूंवर चालायला! आणि तेच नेमक्या वेळी दाराबाहेर काढलं गेलं होतं.

तिनं कापडावर काढलेला नकाशा टेबलावर पसरला. पहिलं वाक्य बोलली. आत शांतता. मी व्हरांड्यातून "हूं" म्हणालो. शिपायानं माझ्याकडे बघितलं. आत ते पोचलं नाही.

परीक्षकांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. आणि मग तिचा आवाज आला, अगदी सरळ.

"सर, एक विनंती हाये. आमच्या गावात ऐकणारा हूं म्हनते. तुमाले समजलं का तुमी हूं म्हना. नाई समजलं तर नका म्हनू, मी पुन्हा सांगीन."

मी डोळे मिटले. बाहेरच्या परीक्षकाला असं कुणी सांगत नाही. आता हे उठून जाणार.

"हूं म्हणू?" आतून प्रश्न आला.

"हव सर. खोटं नका म्हनू फक्त."

मग, घसा खाकरून, कोरडंसं, "हूं."

ती सुरू झाली. झरा, उतार, टेकाडाचा वळसा. हूं. हूं. पाइप किती जाड, ते तिनं सांगितलं आणि हूं आलं नाही. ती थांबली, पण हे थांबणं वेगळं होतं. माणूस जसा मागे वळून बघतो, आपल्याबरोबरचा येतोय ना म्हणून, तसं. "सर, पाइप बारीक वाटला का तुमाले? उन्हाळ्यात आमचा झरा बोटाएवढा वाह्यते. जाड पाइप टाकला तर तो भरनारच नाई. म्हनून बारीक घेतला."

"हां," परीक्षक म्हणाले. "हां, हां. हूं!"

ओरल वीस मिनिटांचं असतं. तिचं पन्नास मिनिटं चाललं. शेवटी शेवटी तर परीक्षकच सांगत होते, त्यांच्या लहानपणीच्या विहिरीबद्दल काहीतरी, आणि जंगूबाई हूं म्हणत होती. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "तीस वर्षं ओरल घेतोय हो. हूं म्हणायचं म्हटलं की डुलकी काढता येत नाही." मग चष्मा पुसत, जरा खालच्या आवाजात, "किती मुलांना मी उगाच नेक्स्ट म्हटलं असेल."

ती पास झाली. नकाशाची घडी घालून पिशवीत ठेवली, माझ्यापुढे मूठभर चारोळ्या धरल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं गावी गेली. मी एक छोटंसं भाषण तयार ठेवलं होतं, ते राहिलं.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. दोन वर्षं उलटून गेली असतील. गोंडपिपरीला सुनंदाच्या नात्यातलं लग्न होतं. मांडवाकडे जाताना ग्रामपंचायतीच्या अंगणात माणसं दिसली आणि ओळखीचा आवाज आला. भिंतीवर कापडाचा मोठा नकाशा, आणि समोर जंगूबाई, उभी. अंगात संस्थेचं जॅकेट. वेणी एकच झाली होती.

समोर धान-कापूसवाले शेतकरी, हाताची घडी घालून. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "काऊन वं पोरी, तू आमाले पाणी शिकवतं का? या वावरात माह्ये केस पांढरे झाले."

लोक हसले. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "शिकवत नाई, आबाजी. विचाराले आली हावो. तुमच्या वावरात पाणी कुठी थांबते, हे या नकाशात नाई. तुमाले माहीत हाये. या, दाखवा."

म्हातारा उठला. कुरकुरत उठला, पण नकाशापाशी गेला आणि बोट ठेवलं. मग दुसरा उठला, म्हणाला, तसं नाही, पाणी तिकडून येते. मग चौघे. तिला सगळ्यांनी घेरलं आणि ती एकेकाचं ऐकत, खडूनं नकाशावर खुणा करत राहिली.

तेवढ्यात तिची नजर आमच्याकडे गेली. चेहरा फुलला. तिनं खडूचा हात वर केला, थांबा, असं. आम्ही थांबलो. लग्न लागल्याचा बँड वाजला, पंगती बसल्याची हाक ऐकू आली, आम्ही कुंपणाशी उभेच. मला कितीतरी बोलायचं होतं. तुझ्या गावात टाकी झाली का, मोठे बाबा कसे आहेत, मी बोर्डावरचं ते वाक्य खरवडून टाकलंय.

पण म्हाताऱ्याला दम नव्हता. "चाल, वावरातच चाल, दाखवतो," म्हणत तो निघालाच, आणि सगळा घोळका तिला घेऊन मागच्या वाटेनं शेतांमधल्या पांदीकडे गेला. वळणावर ती थांबली, नकाशाची गुंडाळी काखेत मारून दोन्ही हात जोडून तिनं आम्हाला जोहार केला. म्हाताऱ्यानं मागून हाक मारली. ती वळली, तो काय सांगतोय ते मान किंचित कलती करून ऐकत त्याच्याबरोबर चालू लागली, आणि तुरीच्या आड दिसेनाशी झाली.

मी तिथेच उभा. सुनंदा माझ्याकडे बघत होती.

"अर्धा तास झाला," ती म्हणाली. "तुमी उभे राहून ऐकलं, अन् मधात एक शब्द बोलले नाई. लग्नाले चोवीस वर्षं झाले आपल्या, मी पयल्यांदाच पाह्यलं. चला आता मांडवात, मंग घरी. मलेही तुमाले बरंच सांगाचं हाये."